पोळ्या नकोत, पीठ द्या: एका बाजारपेठ अहवालामागचं संशोधन

पार्श्वभूमी

दादर परिसरात तीन पिढ्या चालत आलेला एक कौटुंबिक व्यवसाय. भाजण्या, मेतकूट, उपवासाची पिठं, दिवाळीत फराळ. गिरणी आणि पॅकिंग नवी मुंबईत, विक्री मुंबई-ठाण्यातल्या किराणा दुकानांतून. कारभार दोन भाऊ बघतात. थोरल्यांकडे उत्पादन आणि बँकेचे व्यवहार, धाकट्यांकडे विक्री. 2025 च्या उन्हाळ्यात धाकट्यांनी प्रस्ताव मांडला की पोळ्या करणारं स्वयंचलित यंत्र घ्यायचं, पाकीटबंद पोळ्या दुकानांत ठेवायच्या आणि मुख्य म्हणजे शहरातल्या पोळीभाजी केंद्रांना त्या घाऊक दराने पुरवायच्या. यंत्रासाठी कर्ज लागणार होतं आणि बँकेला प्रकल्प अहवालासोबत बाजारपेठेचा अभ्यास हवा होता.

काम एका छोट्या संशोधन संस्थेकडे गेलं. एक अनुभवी प्रमुख संशोधक, दोन साहाय्यक आणि गरजेप्रमाणे मुलाखती घेणाऱ्या काही जणी एवढाच तिचा पसारा. मसुदे तपासायला मला बोलावलं होतं, त्यामुळे बैठका, टिपणं आणि ईमेल मी जवळून पाहिले. दोन्ही बाजूंच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

पोळीभाजी केंद्रांचं मूळ मुंबईत खोल गेलेलं आहे. गिरणगावात राहत्या खोलीतच खानावळ चालवून कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, पण करून घालण्याचा हा धंदा शहरात राहिला. आज गिरगाव, लालबाग, दादर, पार्ले, मुलुंड कुठेही संध्याकाळी सातला केंद्रांपुढे माणसं उभी दिसतात. हिशेब वहीत असतो आणि कामाला येणाऱ्या बायका ओळखीतून आलेल्या असतात. मुंबईत रोज किती पोळ्या विकत घेतल्या जातात, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. माहिती माणसांकडेच जाऊन घ्यावी लागते आणि ती त्यांनी आपणहून दिली तरच मिळते. या प्रकरणातले बहुतेक पेच तिथूनच निघाले.

समस्या

कंपनीने संस्थेला पाठवलेल्या पहिल्या पत्रात कामाचं वर्णन असं होतं: मुंबईत पाकीटबंद पोळ्यांना मोठी मागणी असल्याचे दाखवणारा अहवाल तयार करावा.

प्रमुख संशोधकांनी या शब्दांवर काम घेतलं नाही. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर मुलाखती घेण्यात लोकांचा वेळ का घालवायचा, हा त्यांचा साधा सवाल होता. पहिल्या बैठकीत त्यांनी दोघा भावांना विचारलं, "कोणतं उत्तर आलं तर तुम्ही यंत्र घेणार नाही?" धाकटे म्हणाले, तसं उत्तर येणारच नाही. थोरले बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "केंद्रांनी रोजचा माल उचलायची तयारी दाखवली नाही, तर नाही घेणार. नुसत्या दुकानांच्या भरवशावर हप्ते फिटायचे नाहीत."

हे वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवलं गेलं आणि दोघांनी खाली सही केली. माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. निष्कर्ष हाती आल्यावर निकष बदलायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आधी लिहून ठेवला की पुढची चर्चा माणसांवर न घसरता मुद्द्यावर राहते. अभ्यासाचा प्रश्नही मग वेगळा लिहिला गेला: केंद्रं आणि घरं आज पोळी-भाकरी कशी मिळवतात, त्यात अडचण कुठे आहे आणि यंत्राची पोळी ती अडचण सोडवते का?

आकड्यांचा माग

पहिला मसुदा एका साहाय्यकाने उपलब्ध माहितीवरून केला होता. मेहनत दिसत होती. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मुंबईची बाजारपेठ दरमहा सुमारे 965 कोटी रुपये. हा आकडा आला कसा ते सविस्तर सांगते, कारण त्याच्या गणितात कुठेही चूक नव्हती. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या 2023-24 च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई मासिक खर्च 6,996 रुपये आहे. त्यातला 11.09 टक्के वाटा पेयं, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेलं अन्न या गटाचा, म्हणजे माणशी सुमारे 776 रुपये. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1,24,42,373. गुणाकार केला की 965 कोटी येतात.

प्रत्येक घटक सरकारी आणि खरा असूनही आकडा पोळ्यांबद्दल काहीच सांगत नव्हता. त्या गटात कपभर चहा, शीतपेयं, बिस्किटं, वेफर्स, बाहेर घेतलेलं जेवण असं सगळंच येतं. सरासरी देशभरातल्या शहरांची आहे, एकट्या मुंबईची नाही. लोकसंख्या तेव्हाच चौदा वर्षांपूर्वीची, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही आणि पुढची 2027 ची आहे. शिवाय बृहन्मुंबईत ठाणे-डोंबिवली मोडत नाही आणि या कुटुंबाचा बराच माल तिकडेच जातो. बँकेच्या अधिकाऱ्याने हा आकडा मान डोलावून स्वीकारला असता, ही शक्यता मला जास्त काळजीची वाटते. प्रमुख संशोधकांनी तो काढला. शहरी भागात या गटाचा वाटा 2022-23 मधल्या 10.64 टक्क्यांवरून 11.09 टक्क्यांवर गेला एवढंच ठेवलं, आणि एका वर्षाच्या फरकावरून कल ठरवता येत नाही हेही शेजारीच लिहिलं.

दुसरं उदाहरण डबेवाल्यांचं. वितरणाच्या प्रकरणात मसुदा म्हणत होता की मुंबईच्या डबेवाल्यांना फोर्ब्स मासिकाने सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचं, प्रमाणपत्र दिलं आहे. हे आपण सगळ्यांनी भाषणांत, शाळेच्या पुस्तिकांत, व्यवस्थापनाच्या वर्गात ऐकलेलं आहे. संस्थेतल्या दुसऱ्या साहाय्यिकेने मूळ शोधायला घेतलं. फोर्ब्सने 1998 मध्ये डबेवाल्यांवर लेख छापला हे खरं, पण असं प्रमाणपत्र आपण दिलं नाही आणि लेखात तो शब्दही वापरला नव्हता, असं त्याचे लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनीच पुढे सांगितलं. डबेवाल्यांच्या कामाचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. मात्र कर्जासाठी दिलेल्या अहवालात खोटा दाखला राहिला असता, तर त्याच्या आजूबाजूची खरी वाक्यंही संशयात सापडली असती.

तिसऱ्या ठिकाणी बाजाराच्या वाढीचा दर एका एआय चॅटबॉटकडून घेतलेला होता. त्याने दिलेला संदर्भ शोधला तर तो अहवालच अस्तित्वात नव्हता. तेव्हापासून संस्थेने माहितीच्या तक्त्यात एक जादा रकाना उघडला: मूळ स्रोत कोणी स्वतः उघडून वाचला आणि कोणत्या तारखेला. रकाना रिकामा असेल तर ओळ अहवालात जात नाही.

तारखेची गरज लगेच पटली. जुलैच्या हिशेबात चपातीवर 5 टक्के जीएसटी धरला होता आणि तो तेव्हा बरोबर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून चपाती, रोटी आणि पराठा यांवरचा कर शून्य झाला. धाकट्यांचा आनंदाने फोन आला, पाच टक्के वाचले म्हणून. संस्थेने कंपनीच्या सीएंना विचारायला सांगितलं. करमुक्त मालासाठी यंत्रावर आणि पॅकिंगवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणजे तो कर यंत्राच्या किमतीतच धरावा लागतो. हे ध्यानात आल्यावर हिशेब पुन्हा मांडला गेला.

केंद्रांकडे जायचं कसं: तोललेले पर्याय

धाकट्यांना घाई होती. त्यांनी सुचवलं की मुलाखत घेणाऱ्यांनी लग्नाची मोठी ऑर्डर आहे असं सांगून दर, क्षमता आणि कामाला किती बायका आहेत ते काढून घ्यावं. आणखी एक सूचना आली ती साहाय्यकाकडून: कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणावं, लोक विद्यार्थ्यांना मदत करतात. काहीच न विचारता गिऱ्हाईक म्हणून जाऊन निरीक्षण करावं, हा एक मार्ग होता. कोण आहोत, कोणासाठी आलो आणि माहितीचं काय होणार, हे सरळ सांगून बोलावं, हा शेवटचा.

लग्नाच्या ऑर्डरचा पर्याय मला अजिबात मान्य नव्हता आणि प्रमुख संशोधकांनाही. खोट्या ऑर्डरवर बाई हिशेब मांडते, कामाला माणसं शोधते, त्या दिवसाचं दुसरं काम नाकारते. आपल्या एका रकान्यासाठी तिचं नुकसान होतं. विद्यार्थ्याच्या बहाण्यात पैशाचं नुकसान नसेल, पण ज्या धंद्यात उद्या आपला अशील उतरणार आहे त्याची माहिती ती भाची समजून देते, हे लपवणं तितकंच गैर. शिवाय पुढे कधीतरी खरा विद्यार्थी तिच्या दारात उभा राहणार असतो.

गिऱ्हाईक म्हणून जाण्यात गैर नाही, मात्र त्याला मर्यादा आहे. चार पोळ्या विकत घ्याव्यात, फळ्यावरचा दर टिपावा, किती वेळ थांबावं लागलं ते लिहावं. हे कोणालाही दिसणारं आहे. त्यापुढे मालकिणीला गोड बोलून महिन्याची उलाढाल काढली की ते फसवणुकीच्या बाजूला झुकतं. संस्थेने दोन्हींतली रेघ लेखी ठरवून दिली: दिसतं ते टिपायचं, विचारायचं असेल तर आधी ओळख द्यायची.

सरळ सांगण्याच्या पर्यायावर आक्षेप खराच होता. "स्पर्धक म्हटल्यावर कोण बोलेल, मॅडम?" असं धाकटे म्हणाले. काही जण दार लावून घेतील, हे प्रमुख संशोधकांनी कबूल केलं. त्यांनी जास्त केंद्रांची यादी करून ठेवली आणि किती जणांनी नकार दिला हेही अहवालात छापायचं ठरवलं.

प्रत्यक्ष काम

केंद्रांची तयार यादी कुठे मिळत नाही. ओळखीची केंद्रं घेतली असती तर चित्र एकांगी झालं असतं. म्हणून सहा भाग ठरवले गेले, दक्षिणेला गिरगावपासून उत्तरेला बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेला मुलुंड. प्रत्येक भागात स्टेशनपासून दोन्ही दिशांना ठरावीक अंतर चालत जाऊन दिसेल ते केंद्र नोंदवलं आणि त्यातलं दर तिसरं निवडलं. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय लहान, पाटी नसलेली, जिन्याखालची केंद्रं यादीत आलीच नसती.

पहिली फेरी जुलैत, श्रावण लागायच्या आत झाली. श्रावणात उपवास, मग गणपतीत निम्मी मंडळी कोकणात, त्यानंतर पितृपक्ष आणि नवरात्र, पुढे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. त्या दिवसांतला खप वर्षाचा म्हणून धरता येत नाही. दुसरी फेरी दिवाळीनंतर नोव्हेंबरात घेतली.

पहिल्या दोन दिवसांत दोन पानी संमतिपत्र फसलं. भाषा शुद्ध होती, पण सहीचा कागद पुढे आला की बायका बिचकायच्या. नगरपालिकेची का ताई, असं विचारायच्या. मग चार वाक्यं तोंडी सांगायची ठरली: आम्ही कोण, कोणत्या प्रकारच्या कंपनीसाठी विचारतो, तुमचं नाव अहवालात येणार नाही, नको त्या प्रश्नाला उत्तर देऊ नका आणि मधेच थांबायचं असेल तर थांबा. ती मराठीत आणि हिंदीत तयार होती. होकार मिळाल्याची नोंद मुलाखत घेणारी आपल्या सहीने करायची.

पोळ्या लाटणाऱ्या बायकांशी बोलणं त्याहून नाजूक होतं. त्यांना बऱ्याच ठिकाणी पोळीमागे पैसे मिळतात. अर्धा तास बोलली की तेवढ्या पोळ्या गेल्या. म्हणून वेळ दुपारी तीन ते पाचचा, कामं थंडावल्यावरचा धरला. त्या वेळेचे पैसे देण्याचं ठरलं आणि ते आधीच सांगितलं, उत्तरं काहीही आली तरी मिळतील हेही. मालकिणीसमोर बोलायला लावायचं नाही, हा नियम होता. जागाच एवढीशी असते की तो पाळायला मुलाखती जिन्यात, गच्चीवर, जवळच्या देवळाच्या पायरीवर झाल्या.

गिऱ्हाइकांसाठी धाकट्यांनी स्वतः एक प्रश्न लिहून दिला होता: घरच्यासारख्या, शुद्ध गव्हाच्या ताज्या पोळ्या वाजवी दरात मिळाल्या तर घ्याल का? याला नाही कोण म्हणेल? त्याऐवजी विचारलं गेलं की काल रात्री घरात पोळी किंवा भाकरी कोणी केली, गेल्या आठवड्यात बाहेरून आणली का, कुठून, किती, कितीला. आपण पुढे काय करू याबद्दल माणसं उदार असतात. काल काय केलं ते मात्र बऱ्यापैकी नेमकं सांगतात.

या प्रश्नातून एक गोष्ट उघड झाली, जी कंपनीच्या मनातही नव्हती. दादर स्टेशनबाहेरच्या रांगेतल्या लोकांशिवाय काही सोसायट्या आणि चाळींतही परवानगी घेऊन विचारलं तेव्हा अनेक घरांतून एकच उत्तर आलं: पोळ्यांना मावशी येतात. पाकीटबंद पोळीची खरी स्पर्धा दुकानातल्या दुसऱ्या पाकिटाशी नव्हती. ती महिन्याच्या पगारावर घरी येऊन गरम पोळी करून जाणाऱ्या बाईशी होती.

साहाय्यकाने या उत्तरांच्या तक्त्याखाली चुकीची मर्यादा अधिक-उणे 5 टक्के अशी तळटीप टाकली होती. सुमारे चारशे उत्तरांना तेवढी मर्यादा लागते, पण माणसं यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडलेली असतील तरच. इथे भेटेल आणि बोलेल त्याला विचारलं होतं. तळटीप गेली आणि निवड कशी झाली ते साध्या शब्दांत आलं.

केंद्रांपैकी काहींनी नकार दिला, एका ठिकाणी जरा खडसावूनच. पण जे बोलले ते मोकळेपणाने बोलले. यंत्राच्या पोळ्या घेणार का, यावर बहुतेकांचं उत्तर स्पष्ट नाही होतं. गिऱ्हाईक बोटाने दाबून बघतं, हाताच्या आहेत ना विचारतं, आणि तेच तर आम्ही विकतो, असं त्यांचं म्हणणं. लालबागच्या बाजूच्या एका मालकिणीने पुढे विचारलं, "तुमची गिरणी आहे म्हणता ना? मग पोळ्या नकोत, पीठ द्या." ज्वारी-बाजरीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि पावसाळ्यात तर रोजचं रडगाणं. गव्हाची अडचण नव्हती. ताज्या भाकरीच्या पिठाची होती. हे कळल्यावर पुढच्या मुलाखतींत प्रश्नावलीला दोन प्रश्न जोडले गेले आणि तीच तक्रार बाकीच्या भागांतूनही आली. जोडणी कधी केली आणि त्याआधीच्या मुलाखतींत हे विचारलेलं नाही, याची नोंद अहवालात आहे.

लग्नाची ऑर्डर घेऊन गेलेल्याला हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं. गिरणीवाल्यांसाठी आलोय हे तिला माहीत होतं, म्हणून तिने पीठ मागितलं.

व्हॉट्सॲपवर आलेली फाईल

दोन फेऱ्यांच्या मधे, सप्टेंबरात, धाकट्यांनी संस्थेच्या गटावर एक एक्सेल फाईल टाकली. पाकीटबंद पोळ्या विकणाऱ्या एका स्पर्धकाची वितरकवार विक्री. त्या कंपनीतून नुकताच यांच्याकडे आलेला विक्री अधिकारी ती सोबत घेऊन आला होता.

चर्चेत चार मतं होती. वापरावी आणि स्रोत लिहू नये. वापरू नये, पण आपले अंदाज तपासायला बघावी. बघून विसरावी. उघडूच नये. दुसरं मत सर्वांत समंजस वाटतं आणि म्हणूनच मला धोक्याचं वाटतं, कारण एकदा तो आकडा डोक्यात बसला की आपला अंदाज नकळत त्याच्याकडे सरकतो आणि वाचकाला ते कधीच कळत नाही. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये तशी शिफारस केली आहे. तरीही नोकरीच्या करारातली गोपनीयता मोडून आलेली माहिती वापरणाऱ्यावर दावा होऊ शकतो, आणि इथे तर ती बँकेला द्यायच्या कागदांत गेली असती.

प्रमुख संशोधकांनी फाईल न उघडता सगळ्यांच्या फोनवरून काढायला लावली. थोरल्यांना त्याच दिवशी पत्र लिहून काय आलं, कोणी पाहिलं नाही आणि वकिलाचा सल्ला घ्यावा, हे कळवलं. थोरल्यांना धक्का बसला. फाईलबद्दल त्यांना माहीतच नव्हतं. त्या अधिकाऱ्याशी ते स्वतः बोलले.

पर्याय उघड मार्गांतून शोधले गेले. स्पर्धक खासगी मर्यादित कंपनी असल्याने तिचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून पाहता आले. ठरलेल्या दुकानांत ठरलेल्या वारी जाऊन पाकिटांवरची किंमत, बॅच आणि तारीख टिपली, त्यावरून माल किती दिवसांत हलतो याचा अंदाज आला. एक्सेलइतका नेमका तो नव्हता. कमाल-किमान अशा टप्प्यात तो दिला आणि कसा काढला तेही दिलं.

अहवाल लिहिताना

पोळी लाटणाऱ्या एका बाईने आठवड्याची सुट्टी मिळत नाही आणि आजारी पडली तर खाडा धरतात, हे सांगितलं होतं. मसुद्यात तिचं वाक्य भागाच्या नावासकट आणि किती वर्षं काम करते त्यासकट होतं. नाव नव्हतं, पण त्या भागातल्या मालकिणीने ते वाचलं असतं तर क्षणात ओळखलं असतं. भाग मोठा केला, वर्षं काढली, वाक्य तिच्या शब्दांत न ठेवता दुसऱ्या दोघींच्या अनुभवासोबत एकत्र सांगितलं. लिखाणाचा जिवंतपणा थोडा गेला, आणि तो जाऊ देणं बरोबरच होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी कंपनीची दोन मागण्यांची ईमेल आली. एक, केंद्रांची नावं आणि फोन नंबर द्या, विक्रीची मुलं फोन करतील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे आणि त्याचे नियम त्याच महिन्यात अधिसूचित झाले होते. जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार असल्या तरी ज्या कारणासाठी संमती घेतली त्याच कारणासाठी माहिती वापरायची, हा त्याचा गाभा ठरलेला आहे. संशोधन आणि विक्री वेगळी ठेवावी असं आयसीसी-एसोमार ही बाजार संशोधनाची आंतरराष्ट्रीय संहिताही सांगते. यादी दिली गेली नाही. संस्थेने प्रत्येक केंद्राला स्वतः फोन करून विचारलं की ही कंपनी पिठासाठी तुमच्याशी बोलू इच्छिते, नंबर देऊ का? ज्यांनी हो म्हटलं त्यांचेच दिले.

दुसरी मागणी जड होती. केंद्रं यंत्राच्या पोळ्या घेणार नाहीत, हा परिच्छेद कर्जाच्या प्रतीतून गाळावा. धाकट्यांनी त्यासाठी बराच जोर लावला. प्रमुख संशोधकांनी उन्हाळ्यातलं इतिवृत्त त्या ईमेलला जोडून परत पाठवलं. अहवाल एकच राहील, बँकेसाठी वेगळा नाही, असं त्यांनी लिहिलं. कंपनीचं मत वेगळं असेल तर ते कंपनीच्या नावाने स्वतंत्र टिपणात जोडता येईल, हा मार्ग त्यांनी मोकळा ठेवला. थोरल्यांनी आपली सही पाहिली. टिपण जोडलं गेलं नाही.

परिणाम

यंत्राचा प्रस्ताव मागे ठेवला गेला. रद्द नाही, मागे. त्याऐवजी गिरणीवर आठवड्यातून ठरावीक दिवस ज्वारी, बाजरी आणि तांदूळ दळून त्याच दिवशी केंद्रांना पोचवण्याचा लहान प्रयोग सुरू झाला. दिवाळी सोडून वर्षभर गिरणीला मोकळे तास होतेच. नंबर द्यायला होकार दिलेल्या केंद्रांमधूनच पहिले ग्राहक आले. काही टिकले, काही उधारीवर अडकले आणि थांबले. उधारीचा प्रश्न मुलाखतींत नीट विचारला गेला नव्हता.

संस्थेचं नुकसानही झालं, ते सांगायला हवं. कामाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि धाकट्यांनी पुढचं एक छोटं काम दुसरीकडे दिलं.

काय वेगळं करता आलं असतं

गोपनीय माहिती आली तर काय करायचं, हे करारातच असायला हवं होतं. फाईल आल्यावर नियम बनवावा लागला, तोही गटावर सगळ्यांसमोर, आणि धाकट्यांना तो वैयक्तिक अपमान वाटला. यादी मिळणार नाही हेही पहिल्याच दिवशी लिहून देता आलं असतं. नव्या करारांत संस्था आता दोन्ही कलमं घालते.

व्यवहाराचे प्रश्न, म्हणजे उधारी, परत आलेला माल, पैसे कोणत्या वारी मिळतात, हे दर आणि खपाइतकेच महत्त्वाचे होते. ते शेवटी उरलेल्या वेळात विचारले गेले. केंद्रचालक त्याबद्दल सर्वांत तळमळीने बोलतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं.

मुलाखती सगळ्या दुपारच्या झाल्या. रात्री उशिरापर्यंत चालणारी केंद्रं, जिथे एकटे राहणारे तरुण जेवण नेतात, ती जवळजवळ सुटली. पाकीटबंद पोळीला गिऱ्हाईक असेल तर कदाचित तिथेच, आणि म्हणून यंत्राचा प्रस्ताव मागे ठेवणं, रद्द न करणं, योग्य होतं.

आणि सर्वांत मोठी पोकळी: घरोघरी पोळ्या करणाऱ्या मावशी. अहवाल सांगतो की खरी स्पर्धा त्यांच्याशी आहे, पण त्यांच्यापैकी कोणाशीच बोलणं झालं नाही. जे कळलं ते त्यांना कामावर ठेवणाऱ्यांकडून. थोरल्यांनी ही फेरी आता मागवली आहे. तिच्या आराखड्यात पहिली अट अशी आहे की मावशींचे नंबर मालकिणींकडून घ्यायचे नाहीत. भायखळा-परळच्या चाळींत आणि त्या राहतात त्या वस्त्यांत महिला बचत गटांमार्फत आधी निरोप जाईल आणि ज्यांना बोलायचं असेल त्या स्वतः वेळ कळवतील.